स्केल ट्रकचं ढिलं स्टिअरिंग: माझा अनुभव
माझा आरसी (रिमोटवर चालणारा खेळण्यातला) ट्रक सरळ सोडला तरी एका बाजूला ओढायचा, मला वाटलं सर्वो (चाकं वळवणारी छोटी मोटर) गेला. पण इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या गच्चीवर चाक हाताने हलवून बघितलं तर सर्वो जागच्या जागी, प्ले (ढिलेपणा) सगळा सर्वो सेव्हरच्या (सर्वोला धक्क्यापासून वाचवणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगमध्ये आणि चाकांना जोडणाऱ्या झिजलेल्या प्लास्टिक लिंकमध्ये! मग सेव्हर काढून २५ दातांचा अॅल्युमिनियम हॉर्न (सर्वोच्या दांड्यावर बसणारा, लिंक हलवणारा हात) बसवला (आपल्या सर्वोचे दात आधी मोजा, २३-२४ चेही येतात), बॉल जॉइंट बदलले, किंगपिनला (चाक ज्या खिळीवर वळतं तिला) सियागंज बाजारातून आणलेले पातळ वॉशर लावले. हॉर्न लावायच्या आधी रेडिओ चालू करून ट्रिम (स्टिअरिंगचा मध्य सरकवणारं रिमोटवरचं बटण) शून्यावर ठेवा, हे फार महत्त्वाचं, मगच लिंक फिरवून चाकं सरळ करा. सेव्हर काढला की धक्का थेट गिअरवर, म्हणून मेटल गिअरचाच सर्वो हवा आणि रिमोटमधले एंड पॉइंट (सर्वो दोन्ही बाजूंना किती वळेल त्याची मर्यादा) थोडे कमी करा, नाहीतर टोकाला सर्वो गुरगुरत तापतो.