लेबल नसलेलं हायब्रिड ऑर्किड फुलावरून कसं ओळखायचं

ऑर्किड फुललं की आपण सगळे आधी रंग बघतो, आणि नेमका तोच सगळ्यात कमी भरवशाचा. माझ्याकडे लेबल नसलेलं एक फॅलेनॉप्सिस (ऑर्किडचा एक प्रकार) आहे, पहिल्या वर्षी गडद जांभळी फुलं आली म्हणून मी फोटोंशी रंग जुळवून त्याला एक नाव देऊन टाकलं, पुढच्या वर्षी तेच झाड उकाड्यात फुललं आणि रंग एवढा फिका की फोटोशी काही जुळेचना. तोवर त्याची दोन पिल्लं, म्हणजे त्याच्यावर फुटलेली छोटी रोपं, मी त्या चुकीच्या नावाने देऊन झालो होतो, ते मला अजून सलतं. म्हणून सांगतो, रंग शेवटी बघा.

फूल उघडल्या उघडल्या घाई नको. पूर्ण आकार यायला काही दिवस लागतात, आठवडाभर थांबा. झाड पहिल्यांदाच फुलत असेल तर फुलांची संख्या आणि साइज यावरून काहीच ठरवू नका.

मग फोटो. दिवसाच्या उजेडात पण सावलीत काढा, ग्रो लाइटखाली रंग साफ खोटा येतो, आणि शेजारी पांढरा कागद न् पट्टी ठेवा. समोरून, बाजूने, मागून, लिपचा म्हणजे त्या वेगळ्या दिसणाऱ्या खालच्या पाकळीचा अगदी जवळून, आणि दांड्यासकट अख्खं झाड. मागचा फोटो कोणी काढतच नाही पण डेंड्रोबियम या प्रकाराची फुलामागची हनुवटीसारखी पिशवी किंवा वांडा या प्रकाराची मागची नळी तिथूनच तर दिसते. फुलाची आडवी रुंदी मोजा, पाकळ्या ओढून ताणून नाही, जशी आहे तशी.

आता प्रकार ठरवायचा, आणि इथे लिप सगळ्यात जास्त बोलते. लिप बुटासारखी किंवा पिशवीसारखी असेल तर पॅफिओपेडिलम हा प्रकार किंवा त्याचे नातेवाईक. लिप घागऱ्यासारखी पसरलेली, बाकी पाकळ्या छोट्या आणि लिपच्या बुडाशी गाठीगाठी, तर ऑन्सिडियमचं घराणं. मोठी झालरीची लिप, फुलाच्या मधोमध असलेल्या दांडीभोवती नळीसारखी गुंडाळलेली, तर कॅटलियाच्या बाजूचं काहीतरी, आणि लिपची कड दोरे निघाल्यासारखी बारीक कातरलेली असेल तर मागे कुठेतरी ऱ्हिंकोलेलिया डिग्बियाना ही जात असण्याची बरीच शक्यता.

फॅलेनॉप्सिसच बहुतेकांकडे असतं म्हणून त्याच्यावर जरा थांबतो. मोठं गोल पांढरं फूल आणि लिपच्या टोकाला दोन मिशा असतील तर ते अमाबिलिस या मूळ जातीकडून आलेलं रक्त (पुढची नावंही अशाच मूळ जातींची). खालच्या दोन निदलांच्या (बाहेरच्या पाकळ्यांच्या) आतल्या अर्ध्या भागावरच ठिपके दाटलेले दिसले तर स्टुअर्टियाना आठवा. पानांवर राखाडी-हिरवे चट्टे आणि फूल गुलाबी असेल तर शिलेरियाना, पण असे चट्टे स्टुअर्टियानाच्या पानांवरही असतात म्हणून दोन्ही खुणा एकत्र बघा. छोटी छोटी भरपूर फुलं आणि फांद्या फुटलेला दांडा म्हणजे बहुतेक इक्वेस्ट्रिसचा वारसा. दांडा कमानीसारखा न वाकता ताठ उभा आणि पाकळ्या मागे वळलेल्या असतील तर पुलचेरिमा. फूल मेणासारखं, चांदणीच्या आकाराचं आणि गोड वासाचं असेल तर बेलिना किंवा व्हायोलासिया. वास घ्यायला विसरू नका, आणि एकदाच घेऊन सोडू नका, सकाळी नसलेला वास दुपारी येतो, दुपारचा संध्याकाळी जातो.

दोन फसवणुका लक्षात ठेवा. एक, भडक निळं फॅलेनॉप्सिस, दांड्यात रंग सोडलेला असतो, पुढच्या वेळी पांढरं फुलतं. निळसर वांडा मात्र खरी असते, तो रंग कोएरुलिया या जातीकडून येतो. दुसरी, दोन पाकळ्याच लिपसारख्या झालेलं फूल, याला पेलोरिक म्हणतात, तो बदल कितीतरी वेगवेगळ्या संकरांत दिसतो त्यामुळे त्यावरून नाव शोधत बसू नका.

एवढं करून आईबापाचा अंदाज येतो, नाव नाही, आणि त्याचं कारण समजून घ्या. ऑर्किड हायब्रिडची आंतरराष्ट्रीय नोंद रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ठेवते, आणि ठरावीक दोन पालकांच्या संकरातून आलेल्या सगळ्या रोपांना एकच नाव मिळतं, त्याला ग्रेक्स म्हणतात, आई कोण बाप कोण उलटं केलं तरी नाव तेच. पण एकाच शेंगेतली भावंडं रंगात ठिपक्यांत आकारात भरपूर वेगळी निघतात, आणि उलट दोन अगदी वेगळ्या ग्रेक्सची फुलं शेजारी ठेवली तर फरक सांगता येत नाही. नोंद झालेले हायब्रिड 1 लाखाच्या वर आहेत. त्यामुळे फोटो हुबेहूब जुळला तरी ते तेच झाड आहे असं होत नाही. टिश्यू कल्चरने, म्हणजे एकाच झाडाच्या हुबेहूब प्रती (क्लोन) काढून, बनवलेल्या झाडाचं थोडं सोपं, त्याच क्लोनचं लेबलवालं झाड मिळालं तर पानं, दांडा, लिप सगळं शेजारी ठेवून बघता येतं, तरी खात्री नव्वद टक्क्यांच्या पुढे मी कधी धरत नाही.

लेबलवर मी आता असं लिहितो: "फॅलेनॉप्सिस, नोआयडी, स्टुअर्टियानाची छाप" (नोआयडी म्हणजे नाव माहीत नसलेलं), खाली रुंदी, वास, आणि फुललेला महिना. पिल्लू कोणाला दिलं तर त्या कुंडीतही हेच लेबल जातं.