पोतं मागे कसं सरकलं? बल आणि संवेगाची गणितं सोडवताना, तपासताना

५० किलोचं सोयाबीनचं पोतं फरशीवर ठेवलंय. स्थैतिक घर्षण गुणांक ०.४. १५० न्यूटन बलानं आडवं ढकललं तर घर्षणबल किती, त्वरण किती? अकरावीच्या वर्गात हे गणित टाकून बघा. एक उत्तर हमखास येतं: घर्षण २०० न्यूटन, त्वरण उणे १ मी/से². म्हणजे पुढे ढकललेलं पोतं ढकलणाऱ्याच्याच अंगावर चालून आलं! लिहिणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण सूत्र बरोबर, गुणाकारही बरोबर. म्यू गुणिले एन (घर्षण गुणांक गुणिले फरशीची लंब प्रतिक्रिया; गुरुत्व त्वरण जी = १० धरून ०.४ गुणिले ५००) हा आकडा स्थिर वस्तूसाठी फक्त वरची मर्यादा आहे, हे सुटलं. घर्षण २०० न्यूटनपर्यंत जाऊ शकतं. इथं १५० चीच गरज आहे, तेवढंच ते लागतं. पोतं जागचं हलत नाही.

लातूरच्या ट्यूशन एरियात, नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला क्लासमध्ये डाउट सोडवायला आणि टेस्टचे पेपर तपासायला नव्यानं लागलेल्यांनी पहिल्या आठवड्यातच एक सवय लावून घ्यावी. चुकीच्या उत्तरावर फुली मारण्याआधी ते उत्तर कुठून आलं असेल ते शोधायचं. या धड्यांत चुकीची उत्तरं ठरलेल्या वाटांनीच येतात. पोहऱ्याचं गणित घ्या. १० किलोचा भरलेला पोहरा ०.५ मी/से² त्वरणानं वर ओढला तर दोरातला ताण १०५ न्यूटन (जी = १०). कुणी ९५ लिहिलं की समजायचं, पोरानं वजनातून एमए (वस्तुमान गुणिले त्वरण) वजा केला, म्हणजे आकृतीत त्वरणाची दिशा दाखवलीच नव्हती. १०० लिहिलं तर त्वरण विसरला. ५ लिहिलं तर वजन विसरला. तीन चुका, तीन आकडे.

जवळपास सगळं आकृतीत ठरतं. फ्री बॉडी डायग्राम काढताना एकच वस्तू घ्यायची, तिला बाहेरून कोण कोण हात लावतंय ते मोजायचं, आणि शेवटी पृथ्वी. हात लावणारं कोणी सापडत नसेल तर ते बल काढायचं नाही. ‘गतीचं बल’ नावाचा पुढे जाणारा बाण अनेक वह्यांत असतो. तो लावतं कोण, एवढं विचारलं की पोरगं स्वतःच खोडतं. एमए हेसुद्धा बल नव्हे, ते बरोबर चिन्हाच्या पलीकडे राहतं. टेबलावरच्या वस्तूचं वजन आणि टेबलाची लंब प्रतिक्रिया ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नाही, कारण दोन्ही बलं एकाच वस्तूवर आहेत. हे वाक्य पाठ सगळ्यांना असतं. लिफ्टच्या गणितात मात्र एन बरोबर एमजी (लंब प्रतिक्रिया बरोबर वजन) लिहूनच सुरुवात होते.

आपल्याकडं हंगामात दिसणारी उसाची जोडट्रॉली आकृतीच्या सरावाला उत्तम. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, प्रत्येकी ५००० किलो, प्रत्येकीला रस्त्याचा विरोध ५०० न्यूटन, त्वरण ०.२ मी/से². दोन्ही हुकांवरचा ताण काढायचा. मागची ट्रॉली एकटी घ्या: ताण वजा ५०० बरोबर १०००, म्हणून मधल्या हुकावर १५०० न्यूटन. पुढचा हुक दोन्ही ट्रॉल्या ओढतो, तिथं ३०००. दोन्हीकडं ३००० लिहिणारे निघतातच. ‘एकच दोरी, एकच ताण’ हे डोक्यात बसलेलं असतं, पण इथं मध्ये ५००० किलोची ट्रॉली आहे. अशांना पुन्हा समजावत बसू नका. मागच्या ट्रॉलीवर ३००० घालून त्वरण काढायला सांगा. ०.५ आलं की पुढच्या ट्रॉलीवर चढलेली मागची ट्रॉली त्यांना दिसते.

मराठी माध्यमातून आलेल्या लेकरांचा प्रश्न निराळा. दहावीपर्यंत संवेग, अकरावीत एकदम मोमेंटम. त्यात संवेग (वस्तुमान गुणिले वेग) आणि आवेग (बल गुणिले वेळ) ही जोडी मुळातच गोंधळाची. गणित येत असतं, पण प्रश्नातला शब्द अडतो. ‘स्मूथ’ म्हणजे घर्षण शून्य, ‘लाइट स्ट्रिंग’ म्हणजे दोरीचं वस्तुमान शून्य, ‘जस्ट बिगिन्स टू मूव्ह’ म्हणजे घर्षण कमाल मर्यादेवर, ‘स्लोली’ म्हणजे त्वरण शून्य धरा. असे पंधरा-वीस शब्द पहिल्या पानावर लिहून द्या, महिन्याभराचे डाउट कमी होतात.

संवेगाच्या गणितात चिन्ह गुण खाऊन टाकतं. १५० ग्रॅमचा चेंडू २० मी/से वेगानं आला आणि बॅटला लागून ३० नं उलट गेला. संवेगातला बदल ७.५ किग्रॅ मी/से, १.५ नव्हे. संपर्क ०.०१ सेकंदाचा असेल तर सरासरी बल ७५० न्यूटन. पहिली ओळ ‘उजवीकडे धन’ अशी लिहायची सक्ती करा. एकक न्यूटन सेकंद लिहिलं तरी बरोबरच आहे, ते कापू नका. न्यूटन प्रति सेकंद मात्र चूक.

आता एक गणित तपासणीसकट बघू. घर्षण नसलेल्या आडव्या रुळावर ४०० किलोची गाडी ३ मी/से वेगानं चालली आहे. वरून १०० किलोचं पोतं सरळ खाली तिच्यावर पडून तिथंच राहतं. नवा वेग आणि गतिज ऊर्जेतली घट काढा. गुण ४.

आडव्या दिशेत बाह्य बल नाही, म्हणून त्या दिशेचा संवेग कायम. १२०० भागिले ५००, वेग २.४ मी/से. ऊर्जा आधी १८०० ज्यूल, नंतर १४४०, घट ३६०. आमच्या मते गुणांची वाटणी अशी असावी: आडव्या दिशेचं कारण १, समीकरण १, वेग एककासह १, ऊर्जेची घट १. कारणाला पूर्ण गुण अशासाठी की ते नसलं तर उरलेलं सगळं नुसतं पाठांतर.

उत्तर २.६८ आलं तर पोरानं गतिज ऊर्जा अक्षय्य धरली. पुढं त्याच वेगानं घट काढली तर शून्य येते आणि प्रश्न तर घट विचारतोय. इथं मूळ कल्पनाच चुकली, त्यामुळं समीकरण आणि वेगाचे गुण जातात. ४ आलं तर वस्तुमानं मिळवण्याऐवजी वजा केली. पण समीकरण बरोबर मांडून १२०० भागिले ५०० चं २.२ केलं असेल, तर ती हिशेबाची चूक. अर्धा गुण कापा आणि पुढं त्याच्याच २.२ नं तपासा: १२१० ज्यूल, घट ५९०. हे त्याच्या आकड्याला धरून बरोबर आहे, तो गुण द्या. एका चुकीला दोनदा शिक्षा नको. अपवाद एवढाच की ४ घेऊन ४००० ज्यूल काढले, ऊर्जा वाढली आणि तरी खाली ‘घट २२००’ लिहून मोकळा झाला, तर तो गुण द्यायचा नाही. तिथं थांबायला हवं होतं.

याच गणितावर हुशार पोर हमखास विचारतं, ‘सर, पोत्याचा खाली येणारा संवेग कुठं गेला?’ तो रुळामार्फत पृथ्वीकडं गेला. उभ्या दिशेत रूळ गाडीला वर ढकलतो, म्हणून त्या दिशेत संवेग अक्षय्यतेचा नियम लावत नाही. तेवढं कळलं की डाळ मिलच्या पट्ट्याचं गणित द्या. २ मी/से वेगाच्या पट्ट्यावर सेकंदाला ५ किलो तूरडाळ पडते. वेग कायम ठेवायला जादा बल १० न्यूटन, शक्ती २० वॉट. डाळीला मिळणारी गतिज ऊर्जा मात्र सेकंदाला १० ज्यूलच. उरलेली निम्मी, डाळ पट्ट्यावर घसरते तेव्हाच्या घर्षणात उष्णता होते. ‘त्वरण शून्य म्हणून बल शून्य’ लिहिणारे इथं पकडले जातात. पट्ट्याचा वेग कायम आहे, पण चालत्या वस्तुमानात दर सेकंदाला भर पडतेय.

नीटसारख्या परीक्षेत बरोबर उत्तराला ४ आणि चुकीला उणे १. तिथं पायऱ्यांना गुण नाहीत, आणि पर्यायांत २.४ च्या शेजारी २.६८ आणि ४ बसवलेलेच असतात. आपलं उत्तर पर्यायात आहे म्हणून ते बरोबर, हा समज मोडायचा असेल तर सराव परीक्षेचे पर्याय चुकांवरूनच काढा, मनाचे आकडे टाकू नका.

गठ्ठा हातात आला की आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न तपासा, मग सगळ्यांचा दुसरा. पेपर एकेक करून पूर्ण केला तर सकाळच्या आणि रात्रीच्या पेपरला वेगळा न्याय होतो. पहिले दहा शेवटी पुन्हा बघा, तोवर हात बसलेला असतो. जी ९.८ घ्यायचा की १० हे प्रश्नपत्रिकेवर छापलेलं नसेल तर दोन्ही उत्तरं मान्य करा. खोडलेल्या आकृतीखाली बरोबर समीकरण असेल तर गुण समीकरणाला. पुरवणीचं मागचं पान उलटून बघा. अर्ध्या गुणांची बेरीज आतून एकदा आणि मुखपृष्ठावर एकदा करा. तक्रार घेऊन येणाऱ्यांत बेरीज चुकलेलेच बरेच असतात. आणि चूक जिथं सुरू झाली त्या ओळीखालीच लाल रेघ मारा, उत्तराखाली नको. १.५ वर फुली मारून पोराला काही कळत नाही. ‘३० वजा २०’ खाली रेघ दिसली की ते डाउट काउंटरवर न येताच परत जातं.