सांगलीहून गोकाक : गाडी ठरवण्याआधी

पावसाळ्यात सांगली-मिरजेहून गोकाकच्या धबधब्याची एकदिवसीय सहल निघते. पैसे भरण्याआधी एकच विचारा : गाडीचा कर्नाटकचा परमिट-टॅक्स भाड्यात धरलाय का? पिवळ्या पाटीच्या टेम्पो ट्रॅव्हलरला तो लागू शकतो. नाहीतर म्हैसाळ ओलांडून कर्नाटक हद्दीतल्या कागवाडला पोचलं की माणशी वर्गणी सुरू होते!

दुसरं, पाणी. घटप्रभा इथे साधारण 52 मीटर खाली कोसळते, पण वर हिडकलचं धरण आहे. धरण भरून विसर्ग सुरू झाला की घोड्याच्या नालाच्या आकाराचा अख्खा कडा गढूळ पाण्याने भरून वाहतो, नाहीतर काळा खडकच बघून यायचं. म्हणून तारीख जुलैअखेर ते सप्टेंबरमधली घ्या आणि आदल्या दिवशी विसर्गाची बातमी बघा. गर्दी नको असेल तर रविवार टाळा.

गाइड मिळाला तर काठावरची जुनी दगडी देवळं आणि 1887 पासूनच्या जलविद्युतची गोष्ट ऐका. सेल्फीसाठी ओल्या खडकावर मात्र उतरू नका, शेवाळं फार.

मार्कंडेय नदीवरचा गोडचिनमलकी धबधबाही त्याच दिवशी होतो. सकाळी सहाला निघालात तर. परतताना करदंट (गूळ-सुकामेव्याची मिठाई) घ्या, गोकाक गावातूनच.