पूरग्रस्तांच्या छावणीत आधी पाणी, आधी संडास

छावणीत पोहोचले की मी सर्वात आधी बायकांना विचारते, "रात्री कुठे जाता?" कुणी उत्तर टाळलं, किंवा "संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही" म्हणालं, की काम कुठून सुरू करायचं ते ठरलंच. पुरातून वाचलेलं माणूस छावणीत जुलाबाने दगावू नये, एवढ्यासाठी माझी सगळी धडपड असते. कपड्यांचे ढीग न सांगता येतात. पाणी आणि संडास मात्र कुणीतरी हट्टाने मागावे लागतात, आणि ते तुम्ही मागा.

आधी डोकी मोजा. रांगेत उभ्या असलेल्यांची मोजणी खरी नसते. म्हातारी, आजारी आणि अपंग माणसं, ओल्या बाळंतिणी रांगेत येतच नाहीत. प्रत्येक खोलीत, प्रत्येक ताडपत्रीखाली स्वतः जाऊन कुटुंबवार वही भरा आणि रांगेत येऊ न शकणाऱ्यांच्या नावापुढे खूण करा. त्यांचं पाणी आणि शिधा जागेवर पोहोचवायला दोन पोरं नेमा.

मग आकडेमोड. मदतकार्यात जगभर वापरली जाणारी स्फिअर मानकं आहेत, मी तीच धरते. पिणं, स्वयंपाक आणि अंगाची स्वच्छता मिळून माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी. तोटीमागे जास्तीत जास्त 250 माणसं. सुरुवातीला 50 माणसांमागे एक संडास, आणि जमेल तितक्या लवकर 20 माणसांमागे एक. म्हणजे 500 माणसांची छावणी असेल तर रोज 7,500 लिटर पाणी, निदान दोन तोट्या आणि आधी 10, मग 25 संडास. हा हिशेब कागदावर मांडून अधिकाऱ्यांसमोर ठेवा. "पाणी कमी पडतंय" या तक्रारीपेक्षा "रोज 3,000 लिटर कमी येतंय" या वाक्यावर लवकर हालचाल होते.

पाणी शुद्ध करताना अंदाजाने पावडर टाकू नका. पुराचं पाणी रोज बदलतं, त्यामुळे कालचं माप आज चालेलच असं नाही. पाणी गढूळ असेल तर तुरटीने निवळून घ्या, नाहीतर सगळं क्लोरीन गाळातच खर्ची पडतं. ब्लीचिंग पावडर ताजी असेल (साधारण 33 टक्के क्लोरीनची), तर 33 ग्रॅम पावडर लिटरभर पाण्यात कालवा, साका खाली बसू द्या आणि वरचं निवळ द्रावण घ्या. ते 1 टक्क्याचं असतं. आता प्लास्टिकच्या चार बादल्यांत प्रत्येकी 20 लिटर पाणी भरा. त्यांत सिरिंजने अनुक्रमे 1, 1.5, 2 आणि 2.5 मिलि द्रावण घाला, ढवळा, अर्धा तास थांबा. मग डीपीडी गोळीने (पाण्यात शिल्लक राहिलेलं क्लोरीन दाखवणाऱ्या गोळीने) तपासा. पाणी गुलाबी होईल, तो रंग पट्टीशी ताडून बघा. लिटरला 0.5 मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरीन ज्या बादलीत शिल्लक दिसेल, तिचं माप धरायचं. ती 2 मिलिची असेल, तर 2,000 लिटरच्या टाकीला 200 मिलि. टाकीत घातल्यावरही अर्धा तास तोटी उघडू नका, लोकांनी कितीही घाई केली तरी. दुपारी एकदा लोकांच्या भांड्यांतलं पाणीही तपासा. टाकीत चांगलं असलेलं पाणी उघड्या भांड्यात हात बुडवून बुडवून बिघडतं. म्हणून कुटुंबाला दोन झाकणाची भांडी द्या, एक आणायला, एक साठवायला.

संडासासाठी पूरभागात खड्डा खणला की हातभरावरच पाणी लागतं. तिथं उंच चौथऱ्यावर, खाली बंद टाकी ठेवून बांधावं लागतं, आणि टाकी कोण, कधी, कुठे उपसणार हे बांधण्याआधी ठरवावं लागतं. पाण्याच्या जागेपासून निदान 30 मीटर लांब, राहण्याच्या जागेपासून 50 मीटरच्या आत. बायकांसाठी वेगळे आणि जास्त, पुरुषांच्या एकामागे तीन. आतून कडी, वाटेवर दिवा, बाहेर पाणी आणि साबण. जागा बायकांनाच दाखवू द्या. कोणती वाट अंधारी आहे, कुठे टोळकं बसतं, हे त्यांना ठाऊक असतं. पाळीच्या कपड्यांचं काय करायचं, तेही बाई कार्यकर्तीनेच विचारावं.

एक मदत मी परत पाठवते: तान्ह्या बाळांसाठी सरसकट वाटायला आलेली दुधाची पावडर आणि बाटल्या. अस्वच्छ पाण्यात कालवलेलं दूध बाळाच्या जिवावर बेततं. आईला पोटभर जेवण आणि आडोसा द्या, ती अंगावर पाजू शकते. ज्या बाळाला खरंच पर्याय नाही, त्याची सोय आरोग्य कर्मचाऱ्याच्या देखरेखीत करा.

जुलाबाच्या रुग्णांची रोज नोंद ठेवा. ओआरएसची पाकिटं प्रत्येक खोलीत एका जबाबदार बाईकडे आधीच देऊन ठेवा, ते लिटरभर स्वच्छ पाण्यात कसं कालवायचं हे करून दाखवा. डोळे खोल गेलेलं, सुस्तावलेलं मूल वाट न बघता दवाखान्यात न्या. भाताच्या पेजेसारखे पातळ जुलाब कुणालाही दिसले, तर त्याच तासाला आरोग्य खात्याला कळवा.

पाणी ओसरलं की छावणी रिकामी करायची घाई सुरू होते. गावातल्या विहिरी उपसून, क्लोरीन घालून, तपासून होईपर्यंत टँकर बंद करू देऊ नका. तो लोकांच्या मागोमाग गावात न्या.