पुण्याच्या कसबा पेठेचा जुना नकाशा स्वतः जुळवायचा असेल तर

जुना नकाशा स्कॅन केला, आजच्या मॅपवर ठेवला की झालं काम, असं बऱ्याच जणांना वाटतं, पण कसब्यात तसं केलंत तर मुठा नदी थेट कुणाच्या तरी माजघरात शिरते.

कारण लोक नदीचा काठ धरून नकाशा जुळवतात, आणि नेमका काठच भरवशाचा नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा काठचे वाडे वाहून गेले, नंतर भराव पडले, नदीपात्रातून रस्ते झाले. त्यामुळे काठ नको. लाल महालही नको, आज दिसतो तो महापालिकेने मूळ जागेच्या काही भागावर नव्याने बांधलाय. मग धरायचं काय, तर शनिवारवाड्याच्या तटाचे कोपरे (वाड्याचा पाया १७३० चा), कसबा गणपती, थोरला आणि धाकटा शेख सल्ला हे दर्गे. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या आणि आजच्या नकाशावर एकच जागा दाखवणारे असे सहा-सात पॉइंट द्या आणि ते नकाशाभर पसरून द्या, सगळे शनिवारवाड्यापाशी दिलेत तर कुंभारवाड्याकडची बाजू ताणली जाते.

मग गल्ल्या बघा. वाडे पडतात, बिल्डिंगी उभ्या राहतात, पण बोळाचं वळण सहसा तसंच राहतं. तांबट आळी, कागदीपुरा, कुंभारवाडा अशी नावं आधी टाकून घ्या, मग सिटी सर्व्हेची शीट आणि मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. सोबत १८८५ च्या गॅझेटियरचा (इंग्रजी सरकारच्या माहितीग्रंथाचा) १८ वा खंड, भाग तिसरा, त्यात पुण्याचं पेठवार वर्णन आहे.

खरी मजा १८१८ च्या, म्हणजे पेशवाई संपायच्या, आधीची. नकाशे फारसे नाहीतच, पण मोडी कागद आहेत ना, पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. घराच्या खरेदीखतात चतुःसीमा असते, पूर्वेस अमक्याचं घर, दक्षिणेस बोळ वगैरे, आता शेजारच्या घराचंही खत मिळालं तर दोन्ही एकमेकांना चिकटवायची, अशी चार-पाच घरं लागली की अख्खी आळी उभी राहते, आणि खरं सांगायचं तर कुठल्याही स्कॅनपेक्षा माझा यावर जास्त विश्वास आहे.

तारीख मात्र नीट वाचा. 'सलास सलासीन मया व अलफ' म्हणजे तीन, तीस, शंभर, हजार, म्हणजे शुहूर (जुन्या मराठी कागदांतला सन) ११३३, त्यात ५९९ मिळवा, आलं १७३२. हे वर्ष मृग नक्षत्र लागलं की बदलतं, म्हणून जानेवारी ते मे मधला कागद असेल तर ६०० मिळवायचे. पेठांची नावंही जुनी असतात, रविवार म्हणजे मलकापूर, सोमवार म्हणजे शहापूर, शनिवार म्हणजे मुर्तजाबाद. नुसतं 'रविवार पेठ' शोधत बसलात तर निम्मे कागद हातचे जातील.

त्याच्याही मागे जायचंय? राष्ट्रकूटांच्या ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत या भागाचं नाव येतं, पण गल्लीबोळ अर्थातच नाहीत. १६३० च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने गाव जाळलं, जिजाऊ आणि शिवाजी राजे इथे राहायला आल्यावर वस्ती पुन्हा भरली. त्यामुळे त्याआधीचं घरन् घर दाखवणारा नकाशा कुणी फॉरवर्ड केला तर सरळ डिलीट मारा. स्वतः काढताना तिथे नुसती तुटक रेघ द्या, आणि प्रत्येक पक्क्या रेघेपाशी कुठला कागद, कुठलं वर्ष ते तिथल्या तिथे लिहा, नंतर आठवत नाही.