आपल्याच बाजूच्या सत्ताधाऱ्याची झडती कशी घ्यावी?

जालना, परभणी, बीडकडच्या ज्या घरांत शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला अजून जपून ठेवलेला आहे, तेथे 'बाजार खुला करू, सरकार आवरते घेऊ' असे म्हणणारा नेता चटकन आपला वाटतो. आणि तोच पुन्हा मत मागायला आला की त्याच्याकडे हिशेब मागताना जीभ जड होते. याचा सराव परक्या उदाहरणावर केलेला बरा, कारण तेथे आपले हितसंबंध, निदान वरकरणी तरी, आड येत नाहीत. अभ्यास मंडळाच्या बैठकीसाठी मी अमेरिकेची २००४ ची निवडणूक सुचवीन. रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश तेव्हा दुसऱ्यांदा उभे होते आणि २००० मध्ये त्यांच्यावर भिस्त ठेवणारे अनेक स्वातंत्र्यवादी (लिबर्टेरियन, म्हणजे कमीत कमी सरकार आणि जास्तीत जास्त व्यक्तिस्वातंत्र्य मागणारे) उघडपणे नाराज होते.

आरंभ वचनांपासून करावा. करकपात, आटोपशीर सरकार, निवृत्तिवेतनाच्या वर्गणीचा काही भाग स्वतःच्या खात्यात गुंतवण्याची मुभा, परदेशांत राष्ट्रउभारणीचे उद्योग न करणे, ही बुश यांची २००० मधील भाषा होती. पुढच्या निवडणुकीतील भाषणे या यादीत घेऊ नयेत.

त्यानंतर भाषणे बाजूला ठेवून सह्या तपासाव्यात. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष विधेयक नाकारू शकतात आणि तो नकार मोडायला दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मते लागतात. बुश यांनी हा अधिकार पहिल्या कारकिर्दीत एकदाही वापरला नाही. पहिला नकार आला तो जुलै २००६ मध्ये. त्यामुळे 'संसदेने करायला लावले' ही सबब येथे चालत नाही. मार्च २००२ मध्ये पोलादावर ३० टक्क्यांपर्यंत लादलेले आयातशुल्क तर त्यांचा स्वतःचाच निर्णय होता, आणि जागतिक व्यापार संघटनेत हरल्यावर डिसेंबर २००३ मध्ये तो मागे घ्यावा लागला.

आपल्या वाचकाने सर्वांत जास्त वेळ १३ मे २००२ च्या सहीवर घालवावा. त्या शेती कायद्याने कापसासाठी पौंडाला ७२.४ सेंट असा लक्ष्यभाव ठरवला. बाजारभाव जितका कोसळे तितकी सरकारी भरपाई वाढे, म्हणून मंदीतही तेथील शेतकऱ्याला पेरा कमी करण्याचे कारण उरत नसे आणि जादा कापूस जगाच्या बाजारात उतरून भाव आणखी पाडत असे. ब्राझीलने त्याच वर्षी तक्रार केली आणि २००४ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या न्यायमंडळाचा निकाल बहुतांशी त्याच्या बाजूने लागला. इकडे महाराष्ट्रात १९७२ पासूनच्या एकाधिकार खरेदी योजनेत, म्हणजे कापूस सरकारलाच विकण्याच्या सक्तीत, आपला शेतकरी बैलगाडी रांगेत लावून, ग्रेडर ढिगात हात घालून कोणती प्रत लिहितो याची वाट पाहत ताटकळत असे. 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणणाऱ्याने दोन्ही सरकारांना एकच माप लावायला हवे.

खर्चाचे खाते मात्र न्यायबुद्धीने पाहावे. २००० च्या आर्थिक वर्षात २३६ अब्ज डॉलरची शिल्लक होती, तर २००४ मध्ये ४१३ अब्ज डॉलरची तूट. यांतील काही वाटा २००१ च्या मंदीचा आणि ११ सप्टेंबरच्या हल्ल्याचा आहे, तो वजा करावा. पण डिसेंबर २००३ मध्ये वृद्धांच्या औषधखर्चाची जी नवी सरकारी जबाबदारी स्वीकारली गेली, तिचा दहशतवादाशी काहीही संबंध नव्हता. २००१ आणि २००३ ची करकपात जमेला धरावी, परंतु खर्च न कापता केलेली करकपात म्हणजे कर्जाच्या रूपाने पुढे ढकललेला कर होय, हा स्वातंत्र्यवाद्यांचा आक्षेप मला रास्त वाटतो.

युद्ध आणि नागरी स्वातंत्र्य यांचा रकाना वेगळा ठेवावा. दहशतवाद रोखण्यासाठी सरकारला पाळत ठेवण्याचे व्यापक अधिकार देणारा ऑक्टोबर २००१ चा पॅट्रिअट कायदा आणि मार्च २००३ चे इराक युद्ध यांची भरपाई करकपातीने होते का, याचे उत्तर ज्याने त्याने द्यावे. पण दोन्हींची बेरीज करून एकच गुण देऊ नये.

नाराजी ठरली म्हणजे मत ठरले असे नव्हे. प्रतिस्पर्धी जॉन केरी यांनी सिनेटमध्ये पॅट्रिअट कायद्याच्या आणि इराकवरील बळाच्या वापराच्या बाजूनेच मतदान केले होते. लिबर्टेरियन पक्षाच्या मायकेल बॅडनारिक यांना चार लाखांच्या आत, म्हणजे सुमारे ०.३ टक्के मते पडली. तेथे निकाल राज्यनिहाय लागतो, त्यामुळे बुश यांचा विजय जवळपास ठरलेला होता त्या टेक्सासमध्ये निषेधाचे मत देऊन काही बिघडत नव्हते. ओहायोत मात्र सुमारे १ लाख १८ हजार मतांच्या फरकावर राष्ट्राध्यक्ष ठरला.

आपल्याकडे हीच पद्धत वापरताना सह्यांच्या जागी निर्यातबंदीचे आदेश, साठ्यावरील मर्यादा आणि आयातशुल्कातील बदल तारखांसह लिहावेत, आणि मग आपल्या मतदारसंघातील मागच्या वेळचा मतांचा फरक काढावा. तो मोठा असेल तर मनाला पटेल त्याला, अगदी २०१३ पासून मिळालेल्या 'नोटा'लाही, मत देता येते. तो थोडका असेल तर दोन मुख्य उमेदवारांच्या पक्षांनी सत्तेत असताना काढलेले असे आदेश शेजारी-शेजारी ठेवून मोजावेत.