पावसात सामूहिक सायकल फेरीला जाताना
पावसात शेकडो सायकलींच्या गर्दीत शिरताना सगळ्यात आधी ब्रेकचा विचार करा. रिमवर दाबणारे ब्रेक ओले असले की चाकाचे पहिले एक-दोन फेरे नुसतं पाणी पुसण्यात जातात, पकड नंतर येते. म्हणून पुढच्या सायकलीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा आणि थांबायच्या बरंच आधी ब्रेक हलकेच टेकवायला लागा. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं यांवरून सायकल सरळ न्या. तिथे वळणं नको, ब्रेकही नको. मागचा लाल दिवा दिवसाही लावा. लांब, फडफडणारा रेनकोट मात्र घरीच राहू दे, चाकात अडकतो. आणि वीज कडाडू लागली तर फेरी सोडून पक्क्या इमारतीत शिरा, झाडाखाली नाही.